खजिना सापडला म्हणजे नफा झाला का?



मागच्या व्हिडिओत मी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या गेमचं नाव घेतलं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, गेमचा आणि धंद्याचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो थेट पैशाचा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा गेम १९७४ साली अमेरिकेत आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि एक जण गेम चालवतो. पडका किल्ला, जुनी कबर किंवा भुयार यात शिरायचं, खजिना शोधायचा आणि जिवंत परत यायचं. १९८१ च्या बेसिक नियमांमध्ये याचा हिशोब फार स्पष्ट दिलाय. तोच बघू.

१. शोधण्यालाही खर्च आहे

दहा मिनिटांचा एक 'टर्न'. एक मशाल सहा टर्न, म्हणजे तासभर जळते. दहा बाय दहा फूट जागेत चोरदरवाजा शोधायला एक टर्न जातो, आणि दरवाजा असला तरी तो सापडण्याची शक्यता साधारण सहात एक. इकडे दर दोन टर्नला गेम चालवणारा फासा टाकतो. एक पडला की भटका राक्षस समोर! एका मशालीत असे तीन फासे पडतात, म्हणजे तासाभरात एकदा तरी गाठ पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. आणि या राक्षसाकडे सहसा खजिना नसतोच.

२. तांब्यानं पोतं भरू नका

समजा ८०० तांब्याची नाणी सापडली. नवीन खेळाडू लगेच सगळी उचलतो. पण १०० तांब्याची नाणी म्हणजे एक सोन्याचं नाणं. किंमत झाली फक्त आठ, आणि वजन ८० पौंड! चालण्याचा वेग निम्मा होतो. पळायची वेळ आली तर मेलात. उलट एका रत्नाचं वजन एका नाण्याइतकंच, आणि किंमत कधी शंभर, कधी हजार.

३. पेटी लगेच उघडू नका

कुलपात विषारी सुई असू शकते. सापळे ओळखणारा चोर सोबत असला, तरी पहिल्या पातळीला त्याची खात्री फक्त १० टक्के. म्हणून अनुभवी खेळाडू एका सोन्याच्या नाण्याला मिळणारी दहा फुटी काठी आधी घेतात आणि लांबूनच ठोकून बघतात.

४. बाहेर आणलं तेच कमावलं

एक सोन्याचं नाणं म्हणजे एक अनुभव-गुण, पण तो सुखरूप बाहेर आल्यावरच मिळतो. एक साधा गॉब्लिन मारून मिळतात फक्त पाच. म्हणजे हाणामारी करण्यापेक्षा माल घेऊन निसटण्यात शहाणपण.

आता माझी गोष्ट. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मी बंद पडलेल्या एका स्टेशनरी दुकानाचा सगळा माल साठ हजारांना लॉटमध्ये उचलला. वरच्या खोक्यांत चकचकीत कंपासपेट्या होत्या. खाली निघाले शाई सुकलेले पेन आणि जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं. गोडाऊनचं भाडं महिना तीन हजार, आठ महिने भरलं. म्हणजे चोवीस हजारांची मशाल जळाली! गाईडं शेवटी रद्दीत गेली. मी तांबं उचललं होतं, आणि खालचं एकही खोकं उघडून बघितलं नव्हतं.

म्हणून 'स्वस्तात लॉट मिळतोय' असं कुणी म्हणालं, की आधी हे चार प्रश्न विचारा:

- हा माल विकेपर्यंत दर महिन्याला माझं काय जळणार?
- यात रत्न किती आणि तांबं किती?
- खालचं खोकं उघडून बघितलं का?
- माल रोख पैशात कधी बदलणार?

एकाचंही उत्तर नसेल, तर रिकाम्या हातानं परत या. भांडवल शाबूत असेल तर पुढच्या भुयारात जाता येतं.

तुम्ही कधी असं तांबं उचललंय का? कमेंटमध्ये मोकळेपणानं लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!