कबड्डीचा हंगाम, वणव्याचा हंगाम

भाताची झोडणी आटोपली की महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर रिकाम्या खाचरांत कबड्डीची मैदानं आखली जातात. वर्गणी, दिवे, चषक, मुंबईहून सामन्यासाठी येणारे चाकरमानी. हे पार मेपर्यंत चालतं. नेमक्या याच महिन्यांत समोरच्या डोंगरावर रात्री वणव्याची माळ पेटलेली दिसते. गावातले धडधाकट तरुण तेव्हा एकत्र सापडतात ते मैदानातच.

कोकणातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे. त्यावर सरकारी वनरक्षकाची नजर फारशी नसते. कुणी चांगलं गवत यावं म्हणून पेटवतं, कुणी शिकारीसाठी. कधी शेत भाजण्यासाठी लावलेली राबाची आग बांध ओलांडते. मोठा ऐन-किंजळ त्यातून तगतो, पण हातभर वाढलेलं रोप जळून जातं. दरसाल असंच झालं की जुनी झाडं उरतात आणि त्यांच्यामागून नवी येत नाहीत. म्हणून आधी आग थांबवायची, लागवडीचं नंतर.

चुरस लावली की गाव हलतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपने २०१६मध्ये तीन तालुक्यांत गावागावांत श्रमदानाची शर्यत लावली. साताऱ्यातलं वेळू पहिलं आलं. पण ती स्पर्धा दुष्काळी भागासाठी होती. वनसंरक्षणासाठी गावांना बक्षिसं देणारी संत तुकाराम वनग्राम योजना २००६-०७पासून आहे; मात्र तिचा आधार वन विभागाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या. मालकीचा डोंगर दोन्हीकडून सुटतो. तो सांभाळू शकेल अशी गावातली तयार संघटना म्हणजे क्रीडा मंडळ.

कबड्डीच्या संघांतच डोंगर राखण्याची चुरस लावावी. काम अवघड नाही. गवत वाळायला लागलं की प्रत्येक संघाने जमीनमालकाला विचारून आपल्या वाडीमागच्या उतारावर जाळरेषा काढावी, म्हणजे गवत-पाचोळा साफ केलेला रुंद पट्टा. आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने विझते. सामन्यांच्या रात्री दोघांनी आळीपाळीने डोंगराकडे लक्ष ठेवावं. ऐन, हिरडा, बेहड्याचं बी गोळा करून पावसाळ्यात लावावं. गुण मात्र रोपं किती लावली याला देऊ नयेत. पुढच्या उन्हाळ्यात किती जगली, ते मोजावं.

२२ जुलै २०२१ला याच भागातल्या तळीये, केवनाळे, साखर-सुतारवाडीवर डोंगर कोसळला. एकट्या तळीयेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. अतिवृष्टीपुढे झाडांचीही मर्यादा असते, हे खरं. पण तेव्हापासून इथला माणूस घरामागचा उतार नुसता देखावा म्हणून पाहत नाही.

म्हणून चषकाचा एक मान या कामासाठी राखून ठेवावा. अंतिम सामना रात्रीत संपेल. हा निकाल मात्र पहिल्या पावसानंतर, काळा न पडलेला डोंगर पाहून लागेल.