खुब्याच्या दुखण्यावर कोणते इंजेक्शन?

गेल्या आठवड्यात एक तरुण शेतकरी आईला घेऊन दवाखान्यात आला. आईचे वय पासष्ट. उजवी जांघ दुखते, मांडी घालून बसता येत नाही, कूस बदलताना जाग येते. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला दिसत होता. मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, सांध्यात वंगणाचं इंजेक्शन घ्या म्हणतात. म्हैस विकावी लागेल. विकू का?" असा प्रश्न अनेक घरांत पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले की सांधा दुखू लागतो. झिजलेले अस्तर कोणत्याही इंजेक्शनाने परत येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. मिळतो तो तात्पुरता आराम.

पहिले इंजेक्शन स्टिरॉईडचे. नाव ऐकूनच लोक घाबरतात. पण वर्षानुवर्षे गोळ्या खाणे वेगळे आणि सांध्यात एखादे इंजेक्शन घेणे वेगळे. इंग्लंडमधील १९९ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात या इंजेक्शनाने वेदना कमी झाल्या; पहिल्या दोन महिन्यांत आराम अधिक होता. मधुमेही रुग्णांची साखर मात्र काही दिवस वाढते. जंतुसंसर्गाचा धोका थोडा, पण असतो. वारंवार घेऊ नये.

दुसरे हायलुरॉनिक आम्लाचे, म्हणजेच 'वंगणाचे'. ते महाग असते. पण खुब्यात ते नुसत्या सलाईनच्या इंजेक्शनापेक्षा फारसे सरस ठरलेले नाही.

तिसरे पीआरपी. यात रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातील प्लेटलेट्स सांध्यात सोडतात. ते तयार करण्याची पद्धत जागोजागी वेगळी असल्याने परिणामांची खात्री देता येत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत खुब्यासाठी स्टिरॉईडची शिफारस केली आहे; उरलेली दोन्ही देऊ नयेत, असे म्हटले आहे.

गुडघ्यातील इंजेक्शन मी दवाखान्यात देतो, खुब्यातील देत नाही. हा सांधा खोल असतो आणि जवळूनच मोठी रक्तवाहिनी व नस जाते. सोनोग्राफीत किंवा एक्स-रे यंत्राखाली पाहूनच तज्ज्ञाने ते द्यावे.

कोणतेही इंजेक्शन घेतले तरी व्यायाम आणि वजन कमी करणे सुटत नाही. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरावी. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्याआधीच्या तीन महिन्यांत स्टिरॉईडचे इंजेक्शन घेऊ नये. जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

त्या मुलाला मी सांगितले, "म्हैस विकू नकोस. आईला आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव. स्टिरॉईड द्यायचं की नाही ते तपासून सांगतील. आणि उद्या खरंच शस्त्रक्रियेची वेळ आली, तर पैसा तेव्हा लागेल."