मुकी तबकडी

जुन्या चित्रफितीवरून घरी तयार केलेल्या डीव्हीडीत चित्र दिसते, पण आवाज येत नाही, असे पुष्कळदा घडते. दोष बहुधा तबकडीचा नसतो. डीव्हीडी-व्हिडिओसाठी ध्वनीची मोजकीच रूपे मान्य आहेत : पीसीएम, डॉल्बी डिजिटल, डीटीएस आणि एमपीईजीचा दुसरा स्तर. संगणकावर सहज वाजणारे एमपी-थ्री त्यांत बसत नाही. शिवाय ध्वनीचे सेकंदाला सामान्यतः ४८,००० नमुने घेतलेले असावे लागतात; गाण्यांच्या सीडीवर ते ४४,१०० असतात.

तबकडी संगणकावर बोलते आणि प्लेअरवर मुकी राहते, तेव्हा ध्वनीचे रूप तपासावे. दोन्हीकडे ती मुकीच असेल, तर चित्राची व ध्वनीची फाइल एकत्र जोडताना ध्वनी मागे राहून गेला असण्याचा संभव अधिक. म्हणून ध्वनीची फाइल आधी स्वतंत्रपणे ऐकावी, तिचे योग्य रूपांतर करून ती चित्राशी जोडावी आणि पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर चाचणी घ्यावी. ही तबकडी प्लेअरवर अखेरपर्यंत ऐकल्याखेरीज मूळ फीत पुसू नये. दिवंगत आजीचा आवाज कदाचित तेवढ्या एकाच फितीवर उरलेला असतो.