तारीख नको, उंची विचारा

‘आज रात्री मोठा धक्का बसणार, घराबाहेर झोपा,’ असा निरोप मोबाइलवर आला की आपण काय करतो? आणखी पाच जणींना पाठवतो. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून जमीन वारंवार हादरू लागली. लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. अशा वेळी तारीख सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. त्यात तारापूरचं अणुवीज केंद्र याच जिल्ह्यात, म्हणजे भीती दुप्पट.

आधी तारखेचं बघू. इटलीत जाम्पाओलो जुलियानी नावाचे तंत्रज्ञ जमिनीतून निघणारा रेडॉन वायू मोजून भूकंप ओळखू पाहत होते. मार्च २००९च्या अखेरीस त्यांनी सुल्मोना गावाला इशारा दिला. भोंग्याच्या गाड्या फिरल्या, लोक घाबरले, घबराट पसरवल्याची तक्रार झाली. सुल्मोनात काही घडलं नाही. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला तो पन्नास-साठ किलोमीटरवरच्या लाक्विला शहरात; तीनशेहून अधिक माणसं गेली. जुलियानींचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण सुल्मोना रिकामं करून लोकांना लाक्विलात नेलं असतं तर?

कुठे, केव्हा आणि केवढा, हे तिन्ही नेमकं सांगणं आज जगात कुणालाच जमत नाही. लहान धक्के तर रोज कुठे ना कुठे बसतातच. म्हणून ‘या आठवड्यात भूकंप’ म्हणणारा कधीतरी खरा ठरतो.

‘इथे जास्तीत जास्त केवढं होऊ शकतं?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र शोधता येतं. चूल विझवली तरी निखारे तापलेले राहतात ना, तसंच अणुभट्टी बंद केल्यावरही आतलं इंधन तापत राहतं. ते गार ठेवायला पाणी, पाण्याला पंप, पंपाला वीज. जपानात ११ मार्च २०११ला भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमाच्या चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या. बाहेरची वीज गेली, डिझेलची जनित्रं सुरू झाली. पाऊण-एक तासाने सुमारे चौदा-पंधरा मीटरची सुनामी लाट आली आणि तळघरातली जनित्रं बुडाली. तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं. एवढी लाट येऊ शकते, असा हिशेब त्याच कंपनीत २००८ साली झाला होता! कागद तसाच राहिला.

भूकंपाच्या केंद्राला त्याहून जवळ होतं ओनागावाचं केंद्र. ते बांधताना यानोसुके हिराई या अभियंत्याने जुन्या सुनामी ध्यानात घेऊन जागा उंच हवी असा हट्ट धरला होता. जमीन १४.८ मीटर उंच ठेवली. ते केंद्र वाचलं, आणि घरं वाहून गेलेले गावकरी त्याच्याच आवारात आसऱ्याला आले.

आता आपल्या घरचं. किरणोत्सर्ग पसरल्याचा इशारा झाला तर घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, उघड्यावरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, रेडिओ चालू ठेवायचा. आयोडीनची गोळी फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला जपते, तीही वेळेवर घेतली तर. सांगितल्याशिवाय घेऊ नये. आणि मीठ खाऊन काही होत नाही. २०११मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनच्या मिठासाठी दुकानं रिकामी केली होती. त्या मिठाचं पुढे काय केलं असेल, देव जाणे.

फुकुशिमाजवळच्या एका रुग्णालयातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घाईघाईने बसमध्ये बसवून तासन्‌तास फिरवलं. त्या धावपळीत चाळीसहून अधिक जण दगावले. अणुवीज केंद्राभोवतीच्या गावांसाठी जिल्हा प्रशासनाकडे आपत्कालीन आराखडा असतो. तुमचं गाव त्यात असेल तर ग्रामसभेत तो मागा. जमायचं कुठे, रस्ता कोणता, गाडी कोण आणणार, हे विचारा. आणि खाटेवरच्या सासूबाईंना, बाळंतिणीला उचलून कोण नेणार, त्यांची नावं लिहून घ्या.