कंपवात आणि छातीतील विजेची डबी

ज्या हाताने वर्षानुवर्षे चाड्यावर मूठ धरली, तो हात एके दिवशी मांडीवर निवांत ठेवला असताना आपोआप हलू लागतो. अंगठा आणि तर्जनी अशी हलतात, की जणू बोटांत तुरीचा दाणा घोळविला जात आहे. सदऱ्याची गुंडी लवकर लागत नाही. पावले आखूड पडतात, चेहरा कोरा दिसू लागतो. घरातील मंडळी म्हणतात, "वय झाले." पुढे कोणीतरी सांगतो, की मेंदूत तार घालून हा कंप थांबवितात, शहरात तसे ऑपरेशन होते. मग घरात एकच प्रश्न उभा राहतो: एक एकर विकावे काय?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील आमच्या शेतकरी बांधवांना या प्रश्नाचा नीट विचार करता यावा, म्हणून हा लेख लिहीत आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे: हे यंत्र खरे आहे आणि योग्य रोग्याला ते मोठा आधार देते. परंतु ते रोग बरा करीत नाही आणि प्रत्येक थरथरणाऱ्या हातासाठी ते नाही.

रोग कोणता, ते आधी पाहा

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन लिहिले, म्हणून त्याला पार्किन्सनचा रोग म्हणतात. आपल्याकडील वैद्य त्याला कंपवात म्हणतात. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. या रोगात त्या पेशी हळूहळू मरतात. डोपामिन कमी पडले, की शरीराची हालचाल सांभाळणाऱ्या केंद्रांचा ताळ बिघडतो. त्यामुळे कंप सुटतो, अंग ताठरते आणि सर्व कामे संथ होतात.

पण हात हलला म्हणजे कंपवातच झाला असे नव्हे. कंपवाताचा हात बहुधा विश्रांतीत हलतो. चहाची कपबशी उचलतानाच हात थरथरत असेल, तर तो बहुधा निराळा विकार असतो. थायरॉईडच्या विकारानेही हात कापतात. चक्कर येण्यावर दिली जाणारी सिनारिझिनसारखी गोळी किंवा मानसिक आजारावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यास हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवावीत. कोणतीही गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

गोळी आधी, यंत्र नंतर

या रोगावरील मुख्य औषध लेव्होडोपा हे होय. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. बांधावर वाढणाऱ्या खाजकुहिरीच्या बियांतही हेच द्रव्य असते. भारतीय संशोधकांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे काढले होते. तरीसुद्धा घरी बिया कुटून खाण्याच्या फंदात पडू नये. बियांतील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. वर गोळीही चालू असेल, तर मात्रा अधिक होऊन ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो, भ्रमही होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या तुरीच्या मुलखात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डाळ, दूध, मांस यांतील प्रथिने पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना या औषधाच्या आड येतात. म्हणून ही गोळी साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा एक तासानंतर घ्यावयाची असते. "गोळीचा गुण येत नाही" असे म्हणणाऱ्या काहींची तक्रार वरणभाताबरोबर गोळी घेण्याची सवय सोडल्यावरच कमी होते.

काही वर्षांनी मात्र अडचण सुरू होते. गोळीचा अंमल आहे तोवर माणूस चालतो, अंमल उतरताच खिळल्यासारखा होतो. मात्रा वाढविली तर अंग वेडेवाकडे हलू लागते. यंत्राचा विचार करण्याची वेळ बहुधा ही होय.

यंत्र काम कसे करते

हृदयाचा ठोका सांभाळणारा पेसमेकर माणसाच्या शरीरात प्रथम १९५८ साली स्वीडनमध्ये बसविला गेला. मेंदूचे यंत्र हे त्याचेच धाकटे भावंड म्हणता येईल. फ्रान्समधील ग्रनोबल येथील डॉक्टर आलीम-लुई बेनाबिद यांना १९८७ साली असे दिसले, की मेंदूच्या ठराविक जागी जलद ठोक्यांची वीज दिली, की कंप थांबतो. अमेरिकेत या उपचाराला कंपासाठी १९९७ साली व पार्किन्सनच्या रोगासाठी २००२ साली मान्यता मिळाली. आपल्या देशात मुंबईचे जसलोक रुग्णालय, बंगळूरची निम्हान्स आणि हैदराबादची निम्स या ठिकाणी हे काम होते. बिदरकरांना त्यांपैकी हैदराबाद सर्वांत जवळ.

शस्त्रक्रियेत कवटीला लहान छिद्र पाडून केसासारखी नव्हे, पण सुईएवढी बारीक तार ठरलेल्या जागी पोहोचवितात. पुष्कळदा रोगी त्या वेळी जागा असतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, आणि डॉक्टर "मूठ उघडा, मिटा" असे सांगून तारेची जागा पारखून घेतात. तेथून दुसरी तार कानामागून कातडीखाली मानेतून उतरते आणि गळ्याच्या हाडाखाली छातीत बसविलेल्या डबीला जोडली जाते. डबीत बॅटरी असते.

रानडुकरांसाठी शेताला झटक्याचे कुंपण घालतात, ते आपण पाहतो. त्यातील वीज सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येते. या डबीचेही तसेच, पण ठोके सेकंदाला सुमारे १३० आणि जोर बहुधा टॉर्चच्या दोन सेलांएवढा, म्हणजे ३ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे झटका बसत नाही. मेंदूतील बिघडलेला ताल या ठोक्यांनी दबतो. डॉक्टर बाहेरून, कातडीला हात न लावता, पंख्याच्या रेग्युलेटरप्रमाणे ते कमीजास्त करतात. ही जुळणी जमण्यास काही महिने लागतात.

जमीन विकण्यापूर्वी विचारा

यंत्र व शस्त्रक्रिया मिळून खर्च अनेक लाखांत जातो. म्हणून कुटुंबाने डॉक्टरांना हे प्रश्न स्पष्टपणे विचारावेत:

१. रोग नक्की पार्किन्सनचाच आहे काय?

२. लेव्होडोपाने आजही चांगला गुण येतो काय? गोळीने जे सुधारते, तेच बहुधा यंत्राने सुधारते. कंप मात्र गोळीला दाद देत नसला तरी यंत्राने कमी होऊ शकतो.

३. स्मृती शाबूत आहे काय? विसराळूपणा फार वाढलेला असल्यास ही शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत. तोल जाणे व बोलणे अस्पष्ट होणे यांवर हिचा फारसा उपयोग नाही, उलट बोलणे बिघडूही शकते.

४. मेंदूत रक्तस्राव किंवा जखमेत पू होण्याचा धोका किती? तो थोडा असला तरी असतो.

५. बॅटरी किती वर्षे टिकेल आणि पुढची कोण देईल? साधी बॅटरी बहुधा ३ ते ५ वर्षे चालते, मग डबी बदलावी लागते. चार्ज होणारी अधिक टिकते, पण महाग असते.

पाचवा प्रश्न पुष्कळ जण विसरतात. मोटार घेताना आपण तिच्या दुरुस्तीचा विचार करतो, मग येथे का करू नये?

डबी बसविल्यानंतर

सर्वांत महत्त्वाची सूचना ही. कंबर किंवा गुडघा दुखतो म्हणून फिजिओथेरपीच्या दवाखान्यात डायथर्मी नावाचा विजेचा शेक देतात. मेंदूत तार असलेल्या माणसाने तो शरीराच्या कोणत्याही भागावर घेऊ नये. शेकाची ऊर्जा तारेतून टोकाशी पोहोचते आणि तेथील मेंदू भाजतो. अशा शेकाने रोग्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले आहे. म्हणून डबीचे ओळखपत्र सदैव खिशात ठेवावे. दाताच्या डॉक्टरांपासून एक्स-रेवाल्यापर्यंत सर्वांना आधी सांगावे. एमआरआय तपासणी तर डबी बसविणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. वेल्डिंग, मोठी मोटार, जनरेटर यांच्याजवळील कामाबद्दलही त्यांनाच विचारावे. बॅटरी संपत आल्याचे कळताच वाट पाहू नये, कारण यंत्र अचानक बंद पडल्यास ताठरपणा धोकादायक रीतीने उलटतो.

फवारणीची काळजी

शेवटी एक गोष्ट आपल्याच हातची. अमेरिकेतील शेतीकामाच्या मोठ्या पाहणीतून २०११ साली असे पुढे आले, की पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत हा रोग सुमारे अडीचपट आढळला. केरळने पॅराक्वाटवर २०११ सालीच बंदी घातली. आपल्याकडे तण जाळण्यासाठी ते वापरले जाते. शक्यतो ते टाळावे आणि खुरपणी, कोळपणीवर भर द्यावा. कोणतेही औषध उघड्या हाताने कालवू नये. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये. घरी येताच अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत.

आजोबांचा हात हलताना दिसला, तर सातबारा शोधण्याआधी त्यांना मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे न्यावे. पुष्कळ घरांत वेळेवर घेतलेली गोळी, रोजचे चालणे आणि घरच्यांचा धीर एवढ्यावर अनेक वर्षे बरी जातात. ज्यांना त्यापुढे यंत्राची गरज लागेल, त्यांनी ते सर्व प्रश्न विचारून, समजून उमजून घ्यावे.