लकवा आणि रक्ताची गाठ : वेळ का दवडू नये?



आपल्या अल्लीपूर भागात काय किंवा दुसऱ्या कुठल्या खेड्यात काय, लकवा मारला की आधी तेल चोळायचे, मग कुणी सांगितलेला झाडपाला करायचा आणि दोन दिवसांनी दवाखाना गाठायचा, हा क्रम अजून पुष्कळ घरी चालतो. तो उलटा केला पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेख.

लकवा म्हणजे शहरातल्या बड्या लोकांचा रोग, ही समजूत खरी नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात तेथील ८६ गावांतील मृत्यूंची पाहणी केली. दर सात मृत्यूंमागे जवळजवळ एक मृत्यू लकव्याचा निघाला. त्यातील बहुतेक माणसे घरीच गेली.

लकवा दोन प्रकारांनी होतो. एकात मेंदूची रक्तवाहिनी फुटते. दुसऱ्यात, आणि हाच प्रकार जास्त, रक्ताची गाठ वाहिनीत अडकते. पाटात गाळ अडकला की पुढचे वाफे कोरडे पडतात, तसेच हे. मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की तासागणिक वजन आणि उतारा घटतो, हे आपणास सांगायला नको. मेंदूचा हिशेब तर मिनिटांचा आहे.

ही गाठ काढायची कशी? पहिली वाट औषधाची. गाठ विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण गाठ मोठी असली तर औषध पुरे पडत नाही. तेव्हा दुसरी वाट. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवितात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत मेंदूपर्यंत नेतात. डोके उघडावे लागत नाही. नळीतून तारेची बारीक जाळी सोडतात. ती गाठीत उमलते, गाठ तिच्यात गुंतते, मग दोन्ही मिळून बाहेर ओढतात. काही वेळा गाठ पंपाने शोषून घेतात.

या विद्येचे मूळ साधे आहे. अमेरिकेतील डॉ. थॉमस फोगार्टी यांनी रबरी हातमोज्याचे बोट नळीच्या टोकाला बांधून फुगा केला. मासे धरण्याच्या गळाला गाठी मारायची त्यांना सवय होती, ती इथे कामी आली. १९६३ साली ही रीत प्रसिद्ध झाली आणि हातापायांतील गाठी त्या फुग्याने ओढून काढता येऊ लागल्या. मेंदूसाठी जाळीची रीत खरोखर उपयोगी आहे, हे २०१५ साली अनेक देशांतील चाचण्यांनी सिद्ध केले. ती शक्यतो सहा तासांत करावी. निवडक रोग्यांत, तपासणी करून, २४ तासांपर्यंतही करता येते. धोका नाहीच असे नाही. वाहिनीला इजा किंवा रक्तस्राव होऊ शकतो. प्रत्येक रोग्याला ती लागूही पडत नाही.

म्हणून लक्षात ठेवा. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की लगेच १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ नोंदवा. पाणी किंवा गोळी तोंडात घालू नका, ठसका लागतो. वाहिनी फुटली की बंद झाली हे सी. टी. स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून मनाने ॲस्पिरिनही देऊ नका. स्कॅनची सोय असलेल्या वर्धा, सेवाग्राम किंवा सावंगीच्या मोठ्या रुग्णालयातच न्या. जाळीने गाठ काढण्याची सोय कुठे आहे आणि सरकारी योजनेत ती बसते का, हे तेथील डॉक्टरांना तेव्हाच विचारा. नागपूरला न्यायचे ठरले तर निघण्यात वेळ जाऊ नये.

पाय एकाएकी गार, पांढरा पडून असह्य दुखू लागला तर तीही गाठच असू शकते. तिथेही घाई करावी.

गाठ होऊच नये यासाठी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, चालू गोळ्या मनाने बंद करू नका, आणि खर्रा व बिडी सोडा. हा लेख घरातील सर्वांना वाचून दाखवावा, ही विनंती. लकवा ज्याला होतो त्याला फोन करता येत नाही. तो घरच्यांनाच करावा लागतो.