गाभा-चाचणीतील अपुरी स्मृती

संगणकाच्या परिचालन प्रणालीचा जो मूलभूत भाग प्रक्रियक, स्मृती व उपकरणे यांचे नियंत्रण करतो, त्यास गाभा किंवा कर्नेल म्हणतात. गाभ्याचे कार्य तपासण्यासाठी चाचणी-आज्ञावली लिहितात. चाचणीस आवश्यक तेवढी स्मृती यंत्रावर उपलब्ध नसल्यास कोणता निष्कर्ष नोंदवावा, हा त्यांच्या रचनेतील महत्त्वाचा प्रश्न होय.

लिनक्स या परिचालन प्रणालीच्या गाभ्याबरोबर ‘केसेल्फटेस्ट’ हा चाचणीसंच दिला जातो. त्यातील स्मृतिव्यवस्थापनाच्या काही चाचण्यांना मोठी पृष्ठे लागतात. एक्स८६-६४ प्रकारच्या यंत्रात साधे पृष्ठ ४ किलोबाइटांचे, तर सामान्यतः वापरले जाणारे मोठे पृष्ठ २ मेगाबाइटांचे असते. म्हणजे एका मोठ्या पृष्ठासाठी ५१२ साध्या पृष्ठांइतकी सलग भौतिक स्मृती मोकळी असावी लागते. यंत्र दीर्घकाळ चालल्यावर मोकळी स्मृती विखुरली जाते आणि एकूण स्मृती पुरेशी असूनही मोठी पृष्ठे मिळत नाहीत.

म्हणून आज्ञावली प्रथम गाभ्याच्या ‘मेमइन्फो’ या फाइलीतून मोकळ्या मोठ्या पृष्ठांची संख्या व आकार वाचते. २५६ मेगाबाइट स्मृती हवी असल्यास अशी १२८ पृष्ठे लागतात. ती कमी पडल्यास राखीव पृष्ठांची संख्या वाढविण्याची मागणी करता येते. त्यासाठी प्रशासकीय अधिकार आवश्यक असतो. गाभा ही मागणी अंशतःच पूर्ण करू शकतो व तरीही त्रुटी कळवीत नाही. त्यामुळे संख्या पुन्हा वाचून पाहावी लागते.

तरीही पृष्ठे अपुरी असल्यास चाचणी ‘वगळली’ असे नोंदवितात. केसेल्फटेस्टमध्ये यशाचा निर्गम-अंक ०, अपयशाचा १ व वगळल्याचा ४ आहे. अशा वेळी अपयश नोंदविल्यास निर्दोष गाभ्यावर दोष येतो आणि खऱ्या दोषांच्या सूचनांकडेही दुर्लक्ष होऊ लागते; यश नोंदविल्यास न तपासलेला भाग तपासल्याचा भास होतो. मात्र आवश्यक पृष्ठे राखून ठेवल्यानंतर ती चाचणीच्या मध्येच मिळेनाशी झाल्यास ते वगळण्याचे कारण ठरत नाही. तो गाभ्यातील दोष असू शकतो.

वगळण्याचे कारण, तसेच हवी असलेली व मिळालेली पृष्ठसंख्या अहवालात छापणे इष्ट असते. अखेरीस राखीव पृष्ठांची संख्या पूर्ववत करतात; अन्यथा अडकून राहिलेल्या स्मृतीमुळे पुढील चाचण्यांना स्मृती कमी पडू शकते. सतत वगळली जाणारी चाचणी गाभ्याविषयी काहीच सांगत नाही, म्हणून वगळलेल्या चाचण्यांची वेगळी गणना ठेवणे आवश्यक असते.